सीटीचा डोस उतरवायचा, पण गाठ नजरेतून सुटू द्यायची नाही

डिचोलीहून एका मुलाने विचारलं आहे : आई 62 वर्षांची, वजन 52 किलो. गेल्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता यकृतात 9 मिलिमीटरचा ठिपका दिसतोय आणि पाच महिन्यांत तीनदा सीटी झालं. शेवटच्या सीटीच्या कागदांत एका पानावर ‘टोटल डीएलपी 2160’ असं छापलंय, चार ओळींत चार फेज. एवढं रेडिएशन ठीक आहे का? डोस कमी केला तर गाठ दिसायची राहून जाईल का? आणि एआयवालं नवीन मशीन शोधत मुंबईला जावं का?

मी उत्तर गोव्यात 24 वर्षं सीटीवर टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करतोय, आमच्या विभागाचा रेडिएशन सुरक्षा अधिकारीही आहे. तुम्ही ते पान वाचलंत याचा मला खरोखर आनंद झाला. शंभरातले नव्याण्णव लोक ते पान उलटूनही बघत नाहीत, आणि दुर्दैवाने आमच्यातलेही बरेच जण बघत नाहीत.

आधी ते पान वाचू. प्रत्येक ओळीत सीटीडीआय नावाचा एक आकडा असतो, मिलिग्रे या रेडिएशनच्या मापात. त्या यंत्राने त्या फेरीत किती तीव्रतेने एक्स-रे सोडले, हे तो सांगतो. त्याला स्कॅनच्या लांबीने गुणलं की डीएलपी. तुमच्या आईंच्या बाबतीत 12 मिलिग्रे गुणिले 45 सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीचे 540. अशा चार फेऱ्या, म्हणजेच चार फेज : कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून टोचायचं, चित्रात उजळ दिसणारं औषध) आधीची साधी, मग आर्टेरियल, मग पोर्टल, मग उशिराची. बेरीज 2160. पोटाच्या सीटीसाठी डीएलपीला 0.015 ने गुणलं की ढोबळमानाने मिलिसिव्हर्ट मिळतात (शरीरावरच्या धोक्याच्या हिशेबाने डोस मोजायचं माप), म्हणजे इथे सुमारे 32. जगात माणसाला निसर्गातूनच, मातीतून, हवेतून, आकाशातून, वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळत असतात. तुलना तेवढ्यापुरतीच घ्या.

एक बारकावा. सीटीडीआय हा आकडा तुमच्या आईंच्या शरीरात मोजलेला नसतो. तो 32 सेंटिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोल ठोकळ्यात मोजलेला असतो. बारीक अंगाच्या माणसाला त्याच सेटिंगवर प्रत्यक्ष डोस जास्त बसतो. 24 सेंटिमीटरच्या आसपास जाडी असेल तर सुमारे दीडपट. म्हणूनच 52 किलोच्या बाईला 12 मिलिग्रे बघून मला वाईट वाटलं. ही धिप्पाड माणसाची सेटिंग आहे.

आता भीतीचं बोलू, कारण प्रश्नामागे तीच आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर धरला जाणारा हिशेब असा की एक सिव्हर्टला कॅन्सरचा धोका साधारण पाच टक्क्यांनी वाढतो. 32 मिलिसिव्हर्टला तो निघतो 0.16 टक्का, म्हणजे सहाशेत एक. तोही सगळ्या वयांच्या लोकांचा सरासरी हिशेब. साठीनंतर तो बराच खाली येतो, कारण असा कॅन्सर व्हायला लागायचा तर पुष्कळ वर्षं जावी लागतात. आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे? यकृतातला तो ठिपका, जो वेळेत ओळखला तर कापून काढता येऊ शकतो. म्हणून पहिली गोष्ट : डॉक्टरांनी सांगितलेलं पुढचं सीटी भीतीपोटी टाळू नका. एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, आम्हा कर्मचाऱ्यांना वर्षाची मर्यादा घालून देतं, पण रुग्णाला अशी मर्यादा नाही. रुग्णाला गरज असेल तेवढा डोस द्यायचा असतो. गरज नसलेला एक मिलिग्रेही द्यायचा नसतो. आईंच्या त्या 2160 पैकी किती गरजेचा होता, प्रश्न इथे आहे.

डोस कमी केला की चित्र बिघडतं हे खरं आहे, आणि ते का हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या चिऱ्यांवर पडताना बघितलेत ना? एका चिऱ्यावर पाच थेंब, शेजारच्यावर नऊ, तिसऱ्यावर दोनच. सगळे चिरे एकाच आभाळाखाली, तरी एक जास्त ओला दिसतो. पाऊस धो धो लागला की सगळं अंगण सारखं भिजतं. एक्स-रेचे कण तसेच येतात. डिटेक्टरच्या एका घरात 100 कण आले तर दहाएक इकडेतिकडे होणारच, म्हणजे दहा टक्के गडबड. 10,000 आले तर शंभरेक इकडेतिकडे, म्हणजे एकच टक्का. ही गडबड चित्रात दाण्यांसारखी दिसते, आम्ही तिला नॉइज म्हणतो. डोस निम्मा केला की नॉइज दुप्पट होत नाही, सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. आणि त्याच डोसमध्ये 5 मिलिमीटरऐवजी 1.25 मिलिमीटरची पातळ स्लाइस, म्हणजे चित्रातला काप, काढली की नॉइज दुप्पट.

तो नॉइज चालेल की नाही, हे कोणती गाठ शोधताय त्यावर ठरतं. सीटीच्या चित्रातला उजळपणा हाउन्सफील्ड मापात मोजतात; त्यात पाणी शून्य आणि हवा उणे 1000. फुप्फुस असतं उणे 850 च्या आसपास आणि त्यातली गाठ शून्याच्या वर. फरक जवळजवळ नऊशेचा! चित्र कितीही दाणेदार असू दे, गाठ उठून दिसते. म्हणूनच अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या 53 हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत जेमतेम दीड मिलिसिव्हर्टच्या सीटीने काम भागलं, आणि 2011 मध्ये निकाल आला की साध्या एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. यकृताचं तसं नाही. कॉन्ट्रास्ट दिल्यावर पोर्टल फेजमध्ये यकृत 110 च्या आसपास उजळतं आणि आतड्यातून आलेली बारीक गाठ त्याहून वीस-तीस मापांनीच काळपट असते. नॉइजच वीसचा झाला तर ती त्या दाण्यांत विरघळून जाते. ‘लो डोस सीटी’ हा शब्द फुप्फुसाच्या तपासणीतून उचलून यकृताला लावता येत नाही.

हे मला एका चुकीतून कळलं आहे. आमच्याकडे इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन नवीन आलं होतं. यंत्र कच्च्या माहितीवरून चित्र पुन्हा पुन्हा तपासून नॉइज काढून टाकतं, अशी ती पद्धत. मी उत्साहाने यकृताचा डोस निम्म्याहून खाली आणला. सत्तरीतले एक निवृत्त शिक्षक होते, तुमच्या आईंसारखीच केस. चित्र आलं ते गुळगुळीत, डोळ्यांना छान. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम मॉनिटरपाशी बराच वेळ बसल्या. उजव्या भागातल्या एका जागेवर कर्सर नेऊन म्हणाल्या, “इथे काहीतरी आहे असं वाटतंय. पण हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. सगळं मेणासारखं झालंय.” पुढच्या आठवड्यात ते सर वाळपईहून दोन बस बदलून परत आले. पुन्हा सुई, पुन्हा कॉन्ट्रास्ट, नेहमीच्या डोसवर पुन्हा सीटी. 8 मिलिमीटरची गाठ होती. दोन्ही वेळचा डोस मिळून एका नीट केलेल्या सीटीच्या जवळजवळ दीडपट झाला, आणि आठवडाभर ते घर टांगणीला लागलं ते वेगळंच. त्या दिवसापासून मी डोस किती कमी करता येईल असा विचार करणं सोडलं. डोस कुठे वाया जातोय, हे शोधायला लागलो.

सगळ्यात जास्त वाया जातो तो फेजमध्ये. तुमच्या आईंच्या चार फेऱ्यांतली प्रत्येक फेरी एखाद्या विशिष्ट प्रश्नासाठी असते. आर्टेरियल फेज लागते यकृतातच सुरू झालेल्या कॅन्सरसाठी, मूत्रपिंडाच्या किंवा न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी. या गाठी धमनीचं रक्त जास्त पितात आणि इंजेक्शननंतर पस्तीसेक सेकंदांत चमकून उठतात. उशिराची फेज, तीनेक मिनिटांनंतरची, त्या गाठीतून कॉन्ट्रास्ट कसा बाहेर पडतो ते बघायला. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतर यकृतात काही आलंय का, वाढलंय का, एवढंच बघायचं तर सत्तराव्या सेकंदाची पोर्टल फेज बहुतेक वेळा पुरते. ठिपका पहिल्यांदा दिसला आणि तो काय आहे हे ठरवायचं होतं, तेव्हा एखादी जास्तीची फेज घेणं समजू शकतो. तिसऱ्या वेळीही चारच्या चार? बऱ्याच ठिकाणी यंत्रात ‘लिव्हर’ नावाचा एकच प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेल्या सेटिंगचा संच, भरलेला असतो आणि केस कोणतीही असो, तेच बटण दाबलं जातं. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. गर्दी असते, आणि विनंतीच्या कागदावर डॉक्टरांनी नुसतं ‘सीईसीटी ॲब्डोमेन’, म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन पोटाचं सीटी, एवढंच लिहिलेलं असतं. पण भोगतो रुग्णच.

शिवाय फेज चार लागल्या तरी चारही वेळा छातीच्या पडद्यापासून जांघेपर्यंत जायचं कारण नाही. आर्टेरियल घ्यायचीच तर यकृतापुरती 22 सेंटिमीटर घ्यावी.

मग केव्ही, म्हणजे एक्स-रेच्या ट्यूबला दिलेले किलोव्होल्ट. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना सरसकट 120 लावतात. कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं आणि आयोडीन 33 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वरच्या एक्स-रेंना सगळ्यात जास्त अडवतं. म्हणजे केव्ही खाली आणला की आयोडीन जास्त उजळतं. बारीक अंगाच्या माणसाला 100 लावलं तर डोस एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो आणि वर यकृत नि गाठ यांतला फरक वाढतो. नॉइज थोडा वाढतो, पण फरकही वाढल्याने गाठ हरवत नाही. डोस उतरतो आणि चित्र सुधारतं, असं एकाच वेळी घडणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक. जाड माणसाला हे जमत नाही, किरण आरपारच जात नाहीत. तिथे 120 च बरं.

आता तुमच्या आईंचा हिशेब पुन्हा मांडतो. यकृतापुरती आर्टेरियल 22 सेंटिमीटर, पूर्ण पोटाची पोर्टल 45 सेंटिमीटर, 100 केव्हीवर 8 मिलिग्रे. 176 अधिक 360, म्हणजे 536. आधीच्या पावपट. नुसती पोर्टल पुरली तर 360. यात कुठेही एआय नाही, नवीन यंत्र नाही.

काही गोष्टी टेबलावर रुग्ण झोपवताना घडतात, त्या कागदावर कधीच दिसत नाहीत. यंत्र आधी एक सपाट चित्र काढतं, स्काउट. त्यावरून शरीराची जाडी ओळखून ते प्रत्येक जागी ट्यूबला किती करंट लागेल, म्हणजे किती एक्स-रे सोडायचे, ते ठरवतं. आता ट्यूब वर ठेवून स्काउट काढला आणि टेबल चार सेंटिमीटर जास्त वर असलं, तर रुग्ण ट्यूबच्या जवळ जातो. सावली मोठी पडते, यंत्राला वाटतं माणूस जाड आहे, आणि ते करंट वाढवतं. ट्यूब खाली असेल तर उलटं : टेबल खाली राहिलं की डोस वाढतो. म्हणून मी लेझरची आडवी रेघ दर वेळी बगलेच्या मध्यरेषेवर आलीय ना, हे वाकून बघतो. पाच सेकंदांचं काम. हात डोक्यावर घ्यायला सांगतो तेही यासाठीच; हात पोटाशेजारी राहिले तर त्यांच्या हाडांमुळे यकृतावर रेघा ओढल्या जातात आणि करंटही वाढतो. खांदा दुखणाऱ्या आजीला उशी लावून, हळूहळू, पण हात वरच घ्यायचे. कमरेचा चांदीचा करदोडा आणि दंडाचा ताईत काढून ठेवायचा. मंगळसूत्र काढायला बायका बिचकतात, तेव्हा पोटाच्या सीटीला ते गळ्याकडे वर सरकवून ठेवलं तरी भागतं, हे मी आधीच सांगून टाकतो. आलेलं अर्धं दडपण तिथेच उतरतं.

आणि श्वास! यंत्रातून इंग्रजी किंवा हिंदीत आवाज येतो, ‘सांस रोकिए’. काणकोणहून आलेली म्हातारी घाबरून मोठा श्वास सोडते आणि नेमकं तेव्हाच स्कॅन सुरू होतं. यकृत पडद्याबरोबर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वरखाली होतं; 9 मिलिमीटरचा ठिपका त्यात पुसला जातो. मग डोस दुप्पट दिला असता तरी उपयोग नाही. आम्ही आमच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवलंय, मराठीत आणि कोंकणीत, “श्वास घेयात… धरून दवरात… आतां सोडात.” तरीही आत जाऊन रुग्णाच्या पोटावर हात ठेवून दोनदा सराव करून घेतो. श्वास हललेल्या स्कॅनमुळे पुन्हा स्कॅन करायची वेळ आमच्याकडे आता फार क्वचित येते.

हे उत्तर कोणी सहकारी वाचत असेल तर त्याच्यासाठी एक गोष्ट, रुग्णांनी ओलांडून पुढे गेलं तरी चालेल. जीईच्या यंत्रावर नॉइज इंडेक्स वापरत असाल तर तो आकडा पहिल्या रिकन्स्ट्रक्शनच्या जाडीला बांधलेला असतो. ती जाडी 5 वरून 1.25 केलीत आणि इंडेक्स तसाच ठेवलात, तर यंत्र तोच नॉइज पातळ स्लाइसमध्ये राखायला करंट चौपटीकडे नेतं. पातळ स्लाइस हवी तर ती दुसऱ्या रिकन्स्ट्रक्शनमध्ये मागा. एका ठिकाणी मला प्रोटोकॉल बघायला बोलावलं होतं, डोस अचानक का वाढला ते त्यांना सापडत नव्हतं. कारण एवढंच निघालं. सकाळचं एअर कॅलिब्रेशनही चुकवू नका, विशेषतः पावसाळ्यात. आपल्या दमट हवेत आणि ये-जा करणाऱ्या विजेत डिटेक्टर जरासा सरकला की चित्रात गोल कडी उमटते. कॉन्ट्रास्टचा एक थेंब गॅन्ट्रीच्या पारदर्शक पट्टीवर वाळला तरी असंच काहीतरी दिसतं. ओल्या फडक्याने पुसा, मग इंजिनिअरला फोन करा.

एआयबद्दल. 2019 पासून डीप लर्निंगने चित्र बांधणारी यंत्रं बाजारात आहेत, आणि 2021 मध्ये एक-एक कण मोजणारं फोटॉन काउंटिंग सीटी अमेरिकेत मंजूर झालं. दोन्ही खरोखर पुढची पावलं आहेत. डीप लर्निंगचं चित्र जुन्या इटरेटिव्हसारखं मेणचट दिसत नाही, हे मी स्वतः बघितलंय. पण सॉफ्टवेअर नॉइज पुसतं, न आलेले कण आणून देत नाही. इटरेटिव्हच्या भरवशावर यकृतातल्या बारीक गाठींसाठी डोस पाव हिश्श्याहून जास्त उतरवला की ओळख कमी पडू लागते, असं अभ्यासांत दिसत आलंय, आणि माझा अनुभवही तोच. नवीन पद्धतींची मर्यादा थोडी पुढे असेल, इतकंच. साध्या 64 स्लाइसच्या यंत्रावर नीट काम करणारा माणूस, चांगल्या यंत्रावर चार फेजचं बटण दाबणाऱ्यापेक्षा तुमच्या आईंचं जास्त भलं करेल. त्यासाठी मुंबईला जाऊ नका.

मुंबईवरून आठवलं. आपली गोव्याची माणसं दुसरं मत घ्यायला टाटाला जातात, बेळगावला जातात, मणिपालला जातात. जाणं योग्यच आहे. पण नेतात फिल्म आणि रिपोर्ट. फिल्मवर निवडक चित्रं असतात, त्यावर नव्या डॉक्टरांना मोजमाप करता येत नाही, मग तिथे पुन्हा सीटी होतं. हा डोस शंभर टक्के वाया गेलेला. सीडी किंवा पेनड्राइव्हवर संपूर्ण डायकॉम चित्रं (यंत्रातली मूळ डिजिटल चित्रं) मागून घ्या, पातळ स्लाइससकट, आणि घरच्या एका लॅपटॉपवर उतरवून ठेवा. आमच्या भागात दमटपणामुळे सीडीवर बुरशी चढलेली मी अनेकदा बघितली आहे.

पुढच्या वेळी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक : ठिपका 9 मिलिमीटरचाच असेल आणि तो नक्की काय हे ठरवायचं असेल, तर यकृताचं एमआरआय करता येईल का? एवढ्या लहान गाठींना, विशेषतः यकृतपेशींत शिरणारा कॉन्ट्रास्ट दिला तर, एमआरआय सीटीपेक्षा सरस ठरतं आणि त्यात रेडिएशन नाही. आईंच्या अंगात पेसमेकर किंवा धातूचं काही असेल तर ते आधी सांगा. दोन : सीटीच करायचं ठरलं तर विनंतीच्या कागदावर ‘मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतरचा पाठपुरावा, यकृतातल्या ठिपक्याची तुलना’ असं स्पष्ट लिहून द्या म्हणावं. त्या एका ओळीवरून रेडिओलॉजिस्ट फेज कमी करू शकतात. ती ओळ नसली तर आम्हालाही हात बांधून घ्यावे लागतात.

सीटीच्या दिवशी जुनी सीडी आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारा ताजा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर घ्या. टेक्नॉलॉजिस्टला आईंचं वजन सांगा आणि मागच्या वेळचं ते 2160 वालं पान दाखवा, न घाबरता, न भांडता. आणि आतापासून रोज संध्याकाळी आईंना उताणं झोपवून, हात डोक्यावर घेऊन, दहा सेकंद श्वास धरायचा सराव करून घ्या. प्रत्येक वेळी सारखाच, मध्यम श्वास. फार खोल नको.